बायकांचा ख्रिसमस

आज ६ जानेवारी, इकडे आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये ‘नॉलिग ना मॉन’, म्हणजे बायकांचा ख्रिसमस. जुनी रीत अशी की आज घरकाम पुरुषांनी करायचं आणि बायकांनी मैत्रिणींकडे चहाला जायचं. शेजारच्या आजींनी मलाही हाताला धरून नेलं. मनुकांचा उरलेला ख्रिसमस केक, वर लोण्याचा जाड थर, आणि गप्पा तर काय रंगल्या! आजोबा तिकडे घरी सजावटीच्या हॉलीच्या (काटेरी पानांचं सदाहरित झुडूप) फांद्या उतरवत होते. आजनंतर सजावट ठेवणं अशुभ मानतात.

निघताना आजींनी आयरिश म्हण सांगितली: माणसं एकमेकांच्या आसऱ्यानं जगतात. माहेर इतकं लांब असताना हे ऐकून गळा दाटून आला. पुढच्या वर्षी सगळ्याजणी माझ्याकडे, साबुदाण्याची खिचडी नवरा करणार!