‘पाणी’ की ‘पानी’: कोकणातली बोली टिपताना

रायगडच्या आगरी-कोळी पट्ट्यात ‘पाणी’चं ‘पानी’ होतं आणि ‘गाडी’ची ‘गारी’. खाली मालवण-वेंगुर्ल्याकडे ‘बांगडा’चा ‘बांगडो’ होतो, ‘मला’च्या जागी ‘माका’ येतं. एवढं कुणाच्याही कानाला कळतं. अभ्यासाचं काम त्यापुढे सुरू होतं: कोण, कुणाशी बोलताना, कोणत्या शब्दात आणि कितीदा. हे काम बिघडतं ते बहुतेक वेळा संगणकापर्यंत पोचायच्या आधीच.

‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ हा प्रश्न टाळावा. पाहुण्यासमोर माणूस शाळेतली मराठी काढतो. त्यापेक्षा चित्र किंवा वस्तू पुढे ठेवावी. जाळं, होडी, मासे यांवर बोलणं सुरू झालं की बोली आपोआप वर येते. मालवणात सुरमईला ‘इसवण’ आणि पापलेटला ‘सरंगो’ ऐकू येऊ लागलं की गाडी रुळावर आली समजावं. ज्या शब्दांचे उच्चार मोजायचे आहेत ते मात्र एकाच साच्याच्या वाक्यात, तीन ते पाच वेळा, क्रम बदलून घ्यावेत. यादी वाचायला दिली तर लिपीच उच्चार ठरवते: समोर ‘ण’ छापलेला असताना ‘न’ म्हणायला कोण धजेल?

वेळेचं गणित कोकणात अवघड. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे खलाशी घरी. पण तेव्हाच पत्र्यावर पाऊस वाजतो. गणपतीत आणि शिमग्याला मुंबईकर चाकरमान्यांनी गाव भरलेला असतो आणि बोलणं त्यांच्याकडे झुकतं. जागा म्हणाल तर माजघर बरं. गोधड्या आणि शेणाने सारवलेली जमीन आवाज शोषतात, फरशीची नवी खोली घुमते. पंखा बंद, फ्रिज बंद.

माइक डोक्याला लावायचा, तोंडाच्या कोपऱ्यापासून चार-पाच सेंटिमीटरवर, श्वासाच्या झोतात नाही. फाइल वेव, मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. तासाला साधारण ३२० एमबी. फोनवरच्या संभाषणाचं ध्वनिमुद्रण चालत नाही, त्याचं कारण ‘च’मध्ये आहे. ‘चारा’तला (गुरांचा) दंततालव्य, म्हणजे ‘त्स’कडे झुकणारा ‘च’ आणि ‘चार’मधला (आकडा) तालव्य, म्हणजे ‘च्य’सारखा ‘च’ यांचा फरक मुख्यतः घर्षणाच्या ऊर्जेत असतो, आणि दंततालव्याची ऊर्जा चार-पाच हजार हर्ट्झच्या वर जास्त असते. साधा फोन ३४०० हर्ट्झच्या आसपास वरचा आवाज कापतो. जे मुळात टिपलंच नाही ते पुढे कुठल्याच सॉफ्टवेअरला सापडत नाही.

विश्लेषणाला बोर्स्मा आणि वेनिंक यांचं प्रात हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. फॉर्मंट म्हणजे तोंडाच्या पोकळीत घुमून जोर धरणाऱ्या वारंवारता, त्यांवरून स्वर ओळखता येतो. पाच फॉर्मंटसाठी पुरुषांच्या आवाजाला कमाल मर्यादा ५००० हर्ट्झ, बायकांच्या आवाजाला ५५००, इथून सुरुवात करावी. पुरुषाला ५५०० ठेवली तर ‘ऊ’, ‘ओ’मध्ये पहिले दोन फॉर्मंट एकमेकांत मिसळून दाखवले जातात आणि आलेखात स्वर भलतीकडेच जातो. ‘ण’ की ‘न’ हे ठरवायला त्या नासिक्य व्यंजनाच्या (नाकातून जाणाऱ्या ध्वनीच्या) मधोमध बघून फारसं काही हाती लागत नाही. बघायचं त्याच्या आधीच्या स्वराच्या शेवटी. जीभ मागे वळताना तिसरा फॉर्मंट खाली उतरतो, ‘न’आधी तसा उतरत नाही. नंतरच्या स्वरात हा फरक खूप पुसट असतो. म्हणून यादीत ‘पाणी’, ‘लोणी’, ‘कोण’ असे शब्द हवेत, ज्यांत आधी स्वर आहे. ‘ण’ आणि ‘न’ यांच्या अधलेमधले उच्चारही सापडतील. ते जबरदस्तीने एका डब्यात टाकू नयेत, बदल बऱ्याचदा तिथेच चाललेला असतो.

मालवणी आणि चित्पावनीतले अनुनासिक स्वर ही वेगळी डोकेदुखी. ‘खंय’मधला अनुस्वार स्वर नाकातून जातो हे सांगतो, ‘बांगडो’तला चक्क ‘ङ्’ आहे, आणि देवनागरीत दोघांवर एकच टिंब. म्हणून प्रतिलेखन, म्हणजे ऐकलेलं लिहून काढणं, आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतच करावं. शिवाय फॉर्मंट शोधणारं गणित फक्त अनुनाद, म्हणजे जोर धरणाऱ्या वारंवारता, धरतं. नाकाची वाट उघडली की काही वारंवारता दबतात, त्याचा हिशेब त्यात नाही. त्यामुळे अनुनासिक ‘आँ’चा पहिला फॉर्मंट (एरवी तो जिभेची उंची सांगतो) साध्या ‘आ’शी थेट ताडून ‘जीभ वर गेली’ असा निष्कर्ष काढू नये.

भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी १९६३मध्ये अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाबद्दल लिहिलं. तिथल्या मच्छीमारांचे स्वर पर्यटकांविषयीच्या नाराजीशी जोडलेले निघाले. तारकर्लीत काम करायचं असेल तर हे वाचून जावं. आपल्याकडे त्यात भर घालावी लागते. वय, लिंग, गाव एवढं पुरत नाही. गाबीत, भंडारी, कुणबी, दालदी या समाजांची घरं एकाच वाडीच्या आसपास असली तरी बोली एक नसते. मुंबईत किती वर्षं काढली ते विचारावं, आणि आईचं माहेर तर नक्कीच. ते खाडीपलीकडचं असलं तर लेकराच्या स्वरांत डोकावतं. हे त्याच बैठकीत लिहून घ्यावं. नंतर फोन करून विचारलं की घरातला दुसराच कुणीतरी उत्तर देतो, आणि नोंद चुकीच्या माणसाच्या नावावर चढते.