आरोपी हजर

गेल्या महिन्यात मी चालवलेल्या एका जन्मठेपेच्या अपिलाचा निकाल लागला आणि माणूस सुटला. मूळ रेकॉर्ड खालच्या कोर्टात परत गेलं. तरी तीन कागद डोक्यातून जात नाहीत. तिन्हींवर तारीख एकच होती.

जेल अपील म्हणजे काय ते आधी थोडक्यात. वकील करण्याची ऐपत नसलेला कैदी तुरुंगाधिकाऱ्यामार्फत अर्ज पाठवतो आणि उच्च न्यायालयाची विधी सेवा समिती पॅनेलवरचा एक वकील नेमते. फी किती, ते विचारू नका. हातात पेपरबुक येतं, म्हणजे खटल्यातल्या कागदांची बांधलेली प्रत. या प्रकरणाचं 312 पानांचं होतं.

गुन्हा 2013 चा. शेतवस्तीवर रात्री चौघे शिरले, नवरा मेला, बायको डोक्याला मार लागून वाचली, अंगावरचे दागिने गेले. तिघे आजतागायत सापडलेले नाहीत. चौथा म्हणून अकराव्या दिवशी उचलला तो चोवीस वर्षांचा ऊसतोड कामगार. त्याच्याकडे दागिना एकही मिळाला नाही. जप्त शर्टाबद्दल सी.ए. (रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट सांगतो की डाग मानवी रक्ताचे आहेत, गट ठरवता आला नाही. म्हणजे तो शर्ट न फिर्यादीच्या कामाचा, न आमच्या. उरली ओळख परेड. 2016 साली तेवढ्यावर जन्मठेप लागली.

अपील बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, यायच्या आधी त्याचा थोरला भाऊ भेटायला आला. खिशात पेनड्राइव्ह. त्यात कुणीतरी दारूच्या नशेत "ते काम आमचं होतं" म्हणतोय, असं त्याचं म्हणणं. तुरुंगाच्या सिनेमांनी लोकांच्या मनात बसवलंय की निर्दोष माणूस सुटतो तो नवा पुरावा सापडल्यावर. शेवटच्या अर्ध्या तासात खरा गुन्हेगार बोलतो, एखादी वही मिळते. अपिलात तसं चालत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 391 खाली (इथली सगळी कलमं त्या जुन्या संहितेतली; 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली, पण आधीची अपिलं जुन्यावरच चालतात) जादा पुरावा घेता येतो, पण कोर्ट तो क्वचितच घेतं, आणि नशेतल्या बडबडीसाठी तर नाहीच. खालच्या कोर्टात जे कागद आले त्यांच्यावरच भांडायचं. भावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग मॅडम, त्याच कागदांवर तर त्याला आत घातलाय." याला उत्तर नव्हतं.

ओळख परेडबद्दल सविस्तर लिहिते, कारण बाहेरच्या लोकांना ती आरशामागे उभं राहून बोट दाखवण्याइतकी सोपी वाटते. आपल्याकडे ती बहुधा जेलमध्ये होते, घेतो नायब तहसीलदार किंवा तहसीलदार, आणि पोलिसांनी त्या आवारातसुद्धा थांबायचं नसतं. उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलप्रमाणे एका आरोपीमागे किमान सहा डमी, म्हणजे त्याच्याबरोबर रांगेत उभी करायची इतर माणसं, लागतात, दोन आरोपी असतील तर दहा-बारा, आणि दोनपेक्षा जास्त आरोपी एका रांगेत उभे करायचे नाहीत. डमी वयाने, बांध्याने, रंगाने आरोपीसारखे हवेत. ते मिळतात कुठून? बरॅकमधल्या कच्च्या कैद्यांतून. रांगेत कुठे उभं राहायचं ते आरोपी ठरवतो, कपडे बदलायचे असतील तर बदलू द्यायचे. चेहऱ्यावर खूण असेल तर सगळ्यांच्या त्याच जागी पट्टी चिकटवायची. साक्षीदार वेगळ्या खोलीत, जिथून रांग दिसणार नाही अशा ठिकाणी. अटकेपासून परेडपर्यंत आरोपीला बाहेर काढायचं ते तोंड झाकून. पंचनाम्याच्या भाषेत बापर्दा. आणि साक्षीदाराला विचारायचं की याआधी आरोपीला किंवा त्याच्या फोटोला पाहिलंय का.

आता निशाणी 34 (पुराव्यात घेतलेल्या कागदाला कोर्ट देतं तो क्रमांक), या खटल्यातला परेडचा पंचनामा. डमी सहा, संख्या बरोबर. वयं 42, 38, 51, 27, 45, 40. चोवीस वर्षांच्या पोराशेजारी एक्कावन्न वर्षांचा माणूस! आरोपीच्या डाव्या भुवईवर जुनी खूण आहे, हे अटक पंचनाम्यात लिहिलंय. पट्टीचा उल्लेख कुठेच नाही. साक्षीदाराला विचारायचा तो शेवटचा प्रश्न नाही. पंचनामा टाइप केलेला, नाव, गाव आणि तारीख तेवढी पेनाने भरलेली, म्हणजे नमुना तयार होता आणि त्या नमुन्यातच प्रश्न नव्हता. तहसील कार्यालयातली माणसं वर्षातून एखाद-दोन परेड घेतात, बाकी दिवस सातबारा आणि रेशनकार्डं. त्यांना कुणी शिकवत नाही. चुका सापडल्या की आम्ही कोर्टात त्यांच्यावर तुटून पडतो, पुढच्या परेडला पुन्हा तोच नमुना.

एवढ्यावर अपील जिंकता आलं असतं का? खात्री नव्हती. परेड हा मूळ पुरावा नाही, तो नुसता दुजोरा. मूळ पुरावा साक्षीदाराने कोर्टात उभं राहून ओळखणं. आणि बाईंनी कोर्टात ठामपणे ओळखलं होतं. जखमी साक्षीदार, विधवा, खोटं बोलायचं कारण नाही. न्यायाधीश म्हणणार, डमींच्या वयात उणीव असेल, पण बाई कशाला चुकतील?

पेपरबुकात काय छापलं जातं ते इथे महत्त्वाचं. फिर्याद, दोषारोप, साक्षी, निशाणी पडलेले कागद, 313 चा जबाब, निकाल. रोजनामा (कोर्टाच्या रोजच्या कामाची नोंद) नाही, रिमांडचे कागद नाहीत, निशाणी न पडलेलं काहीही नाही. ते हवं असेल तर मूळ रेकॉर्ड बघावं लागतं. ते खालून येऊन सेक्शनमध्ये कापडात बांधून पडलेलं असतं. शोधून काढून देणारा शिपाई भेटायला नशीब लागतं, आणि बोर्डावर चाळीस प्रकरणं असताना ते गाठोडं सोडवायला वेळ लागतो. बहुतेक वकील ते सोडवत नाहीत. त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही, कारण याच खटल्यात पहिल्या वाचनात मी 313 च्या जबाबाची पानं भराभर उलटली होती.

313 म्हणजे सरकारी पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला विचारतात ते प्रश्न. प्रश्न लांबलचक, उत्तरं ठरलेली: "खोटे आहे", "माहीत नाही". याने साठेक प्रश्नांना तीच उत्तरं दिली होती. सगळ्यात शेवटी "आणखी काही सांगायचे आहे काय?" याला उत्तर: "त्या बाई कोर्टात माझ्यासमोर बसल्या होत्या." निकालपत्रात यावर एक वाक्य आहे, की आरोपीचा बचाव हा निव्वळ इन्कार आहे. मीही पहिल्यांदा तसंच समजले. खटल्याच्या वेळी बाई साक्षीला आल्या तेव्हाचं सांगतोय, असं वाटलं. समोर बसल्या असतील, त्यात काय?

दुसऱ्या वाचनात पान 41 वर थांबले. बाईंचा उलटतपास. वकिलाने नेहमीचा प्रश्न टाकलाय: "परेडपूर्वी पोलिसांनी तुम्हाला आरोपी दाखवला होता?" उत्तर, "नाही." मग प्रवासाबद्दल काहीतरी विचारलंय, बहुधा वेळ काढायला, आणि बाई सांगतात: "न्यायाधीशांसमोर जबाब देऊन आम्ही त्याच गाडीने थेट जेलला गेलो." वकील पुढच्या प्रश्नाकडे वळले. हातात आलेलं त्यांना दिसलं नाही.

न्यायाधीशांसमोरचा जबाब म्हणजे कलम 164 चा. तो पेपरबुकात होता, निशाणी 29. तारीख परेडचीच. जबाब सकाळी तालुक्याच्या कोर्टात, परेड दुपारी साडेतीनला जिल्हा कारागृहात, मधे 55 किलोमीटर. मग गाठोडं सोडवलं. रिमांडच्या कागदांत तालुका कोर्टाचा रोजनामा मिळाला. त्याच तारखेला, निळ्या शाईत, दीड ओळ: "आरोपी हजर. न्यायालयीन कोठडी 14 दिवस वाढविली."

त्या तालुक्यात तेव्हा दोन कोर्टं एकाच इमारतीत भरत. एकात बाईंचा जबाब, दुसऱ्यात याची तारीख. व्हरांडा एक. तोंड झाकून आणल्याची नोंद रोजनाम्यात नाही, एस्कॉर्टच्या रिपोर्टातही नाही. दोन पोलिसांच्या मधे दोरी धरलेला पोरगा बाकावर, समोरच्या बाकावर डोक्याला टाके पडलेली बाई. तीन-चार तासांनी जेलच्या रांगेत सात चेहरे, त्यातला एक ओळखीचा.

सुनावणीच्या दिवशी हे तीन कागद एकाखाली एक ठेवून वर दिले. सरकारी वकिलांनी चांगली बाजू मांडली, ते नाकारण्यात अर्थ नाही. म्हणाले, बाईंनी व्हरांड्यात आरोपीला पाहिलं, असा पुरावा कुठे आहे? तर्क आहे नुसता. खरं होतं ते. पण 313 मधली ती ओळ तेव्हाच उपयोगी पडली. आरोपीने 2016 मध्येच सांगितलं होतं, त्याला रोजनामा ठाऊक असायचं कारण नाही, आणि सरकार पक्षाने ती शक्यता खोडून काढायला एकही प्रश्न विचारला नाही. खंडपीठाने मूळ रोजनामा मागवून दोघांनी वाचला. मग वरिष्ठ न्यायमूर्तींनी विचारलं की आरोपीच्या वकिलाने खाली हा कागद निशाणी का केला नाही. काय सांगणार? रोजनामा कुणी वाचत नाही, साहेब, असं म्हणता येत नाही.

शंकेचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता झाली. "शंकेचा फायदा" हे शब्द गावात कसे ऐकले जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पोलिसांनी मुद्दाम केलं असं मला वाटत नाही, आणि त्यामुळेच हे जास्त छळतं. मुद्दाम केलेल्या गोष्टी कधीतरी उघड्या पडतात. जालना जिल्ह्यातल्या 2003 च्या खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये फाशी सुनावली आणि 5 मार्च 2019 ला त्याच न्यायालयाने त्यांना सोडलं, प्रत्येकी 5 लाख भरपाईसह. तिथे प्रत्यक्षदर्शी बाईने सुरुवातीलाच पोलिसांच्या फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्यांचा तपास पुढे गेलाच नाही. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने 2006 च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात बारा जणांना सोडलं तेव्हा परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता, हा एक मुद्दा होता. (सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला तीन दिवसांत मनाई केली, सुटलेल्यांना परत आत जावं लागलं नाही.) तिथे बोट ठेवायला जागा होती. इथे फक्त एका दिवशी दोन तारखा पडल्या. बाई खोटं बोलल्या नाहीत. त्यांना आजही तोच चेहरा आठवत असेल.

निकाल दुपारी झाला, सुटका दुसऱ्या दिवशी. कलम 437-अ प्रमाणे निर्दोष सुटलेल्यालाही सहा महिन्यांसाठी बंधपत्र द्यावं लागतं, सहसा 15,000 चं, जामीनदारासह. कुटुंब ऊसतोडीला बाहेरच्या जिल्ह्यात असेल तर जामीनदार येणार कुठून? असे सुटूनही आत बसलेले लोक आहेत. इथे विनंती केल्यावर कोर्टाने जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, भागवलं. आदेश ईमेलने जेलला गेला, तिथे वडिलांच्या नावात एक वेलांटी वेगळी निघाली, दुरुस्तीचं पत्र पोचेपर्यंत बंदी झाली होती, म्हणजे कैदी बरॅकमध्ये बंद झाले होते. संध्याकाळच्या बंदीनंतर कुणाला सोडत नाहीत. अकरा वर्षांत आणखी एक रात्र.

भाऊ गेटवर होता. तो पेनड्राइव्ह पुन्हा दाखवून विचारत होता की आता तरी हा पोलिसांना द्यायचा का. द्या म्हटलं, पोच घ्या.

अटकेच्या वेळी अंगझडतीत त्याचा एक मोबाइल आणि 140 रुपये जमा झाले होते. ते आपोआप परत मिळत नाहीत, सत्र न्यायालयात वेगळा अर्ज द्यावा लागतो. तो सोमवारी टाकायचा आहे.