चार्ज आहे, साहेब नाहीत : सरकारी बिल निघेपर्यंतचा माझा अनुभव

जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर, नोंदणी कशी करायची, छोट्या उद्योगाचं उद्यम प्रमाणपत्र कसं काढायचं, हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. त्यामुळे त्यावर मी काही लिहीत नाही. आमचीही नोंदणी झाली, बिड, म्हणजे निविदा, भरली, एमएसई (सूक्ष्म-लघु उद्योग) म्हणून बयाणा रक्कम माफ झाली, दर सगळ्यात कमी निघाला आणि ऑर्डर आली. मला लिहायचंय ते माल पोहोचल्यानंतरचं. त्याचा व्हिडिओ कुणी करत नाही.

आमचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत छोटा कारखाना आहे, चादरी आणि टेरी टॉवेलचा. माग सासरे आणि माझा नवरा बघतात, कागद माझ्याकडे. 2023 च्या फेब्रुवारीत जिल्ह्यातल्याच एका सरकारी कार्यालयाला त्यांच्या वसतिगृहांसाठी माल दिला. कार्यालयाचं नाव घेत नाही. एकतर पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा बिड भरायची आहे, आणि दुसरं म्हणजे ज्या ज्या पुरवठादाराला ही गोष्ट सांगितली त्याने आपल्याच कार्यालयाचं वर्णन चाललंय असं समजून मान डोलावली.

जेमचा नियम ऐकायला फार छान आहे. माल पोहोचला की माल घेणाऱ्याने, म्हणजे कन्साइनीने, 48 तासांत तात्पुरती पोच द्यायची. 10 दिवसांत माल तपासून स्वीकृतीचा दाखला काढायचा, त्याला सगळे सीआरएसी म्हणतात. तो निघाला की पुढच्या 10 दिवसांत पैसे. आमच्या ऑर्डरचे कन्साइनी होते तिथले भांडारपाल. सज्जन माणूस. टेम्पोतून गठ्ठे स्वतः उभे राहून उतरवून घेतले, मोजले, चलनावर सही-शिक्का दिला. आणि फेब्रुवारीअखेर सेवानिवृत्त झाले. ऑनलाइन दाखला राहिला तो राहिलाच.

त्यांच्या जागी कुणीच आलं नाही. पद रिक्त. बरं, दुसरा कन्साइनी नेमायचा तर तो कार्यालयप्रमुखाच्या जेम खात्यातून नेमावा लागतो. ते खातं ज्या साहेबांच्या नावावर, ते त्याच महिन्यात बढतीवर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले. खातं उघडायला ओटीपी लागतो, तो जातो त्यांच्या मोबाइलवर. त्यांना फोन केला तर म्हणाले, "मॅडम, मी तिथला चार्ज सोडलाय. आता त्या खात्यात मी काही केलं तर अंगाशी येईल." त्यांचंही खोटं नव्हतं. खातं नव्या साहेबांच्या नावावर करून घ्या, म्हणाले. पण नवे साहेब होते कुठे?

नवे साहेब म्हणजे प्रभारी. मूळ कार्यालय दुसरीकडे, त्यात आणखी एका ठिकाणचा अतिरिक्त कार्यभार, आणि वर हे तिसरं. आठवड्यातून दोन दिवस येणार असं ठरलेलं, त्यातला एक दिवस जिल्हाधिकारी कार्यालयातल्या बैठकीत जायचा. कधीही जा, खुर्चीवर टॉवेल टाकलेला, खुर्ची रिकामी. तो टॉवेल आमच्याकडचा नव्हता, हे मी जवळून बघून आले. भेटले तेव्हा त्यांनी आमची फाइल उघडली, दोन पानं वाचली आणि बंद केली. "ही खरेदी माझ्या काळातली नाही. उद्या महालेखाकारांचं ऑडिट आलं तर उत्तर मी द्यायचं?" तेव्हा मला त्यांचा संताप आला होता. आता वाटतं, तीन कार्यालयांचा भार वाहणाऱ्या माणसाने न मागितलेल्या खरेदीवर सही का करावी? पण मग कुणी करावी, हा प्रश्न उरतोच.

मध्येच एक सांगते, नाहीतर विसरेन. तिथे जाल तेव्हा तोंडी बोलून परत येऊ नका. दरवेळी चार ओळींचं का होईना पत्र द्या, आणि स्थळप्रतीवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आवक-जावकची बाई "ठेवून जा, चढवते नंतर" म्हणेल. हसून तिथेच उभं राहायचं. पुढे जे काही हललं ते या शिक्क्यांच्या जोरावर.

तर त्या कार्यालयात सगळं जेम कोण चालवत होतं? एक कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर. एजन्सीमार्फत लागलेला, पंचविशीचा मुलगा. बिड त्याने टाकली, तांत्रिक छाननीचे तक्ते त्याने केले, मला सगळे टप्पे त्यानेच समजावले. सगळं त्याला येत होतं आणि कशावरही त्याची सही चालत नव्हती. त्यालाच कन्साइनी करा, असं मी सुचवलं. "ताई, मी कार्यालयाचा माणूसच नाही की. माझा पगारसुद्धा दुसरीकडून येतो," म्हणाला.

14 मार्चला जुन्या पेन्शनसाठी राज्यभर कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो 20 तारखेपर्यंत चालला. त्या दिवसांत मी गेले तर अख्ख्या कार्यालयात हा मुलगा आणि शिपाई. पंखा चालू, संगणक चालू, आमचे गठ्ठे पॅसेजमध्ये जसेच्या तसे. पेन्शनची मागणी चूक होती असं मी म्हणत नाही, माझ्या माहेरी दोन शिक्षक आहेत. पण मार्चचा तो आठवडा गेला आणि आमचं बिल त्या आर्थिक वर्षातून गेलं.

त्याआधी तपासणी समितीचं एक प्रकरण झालं. माल तपासायला तिघांची समिती होती. एक निवृत्त, एकाची बदली, उरल्या एक मॅडम. त्या बिचाऱ्या एकट्याने करायला तयार झाल्या. मी कारखान्यातून जीएसएम कटर (कापडाचं दर चौरस मीटर वजन काढायला ठरावीक मापाचा तुकडा कापणारं यंत्र) आणि छोटा काटा नेला. टॉवेलमधून गोल तुकडा कापला, काट्यावर ठेवला, वजन निविदेत मागितल्यापेक्षा थोडं जास्तच भरलं. (मामा, म्हणजे सासरे, सरकारी मालात कधी सूत मारत नाहीत. "सरकारी असला म्हणून काय, अंग पुसायला माणूसच वापरतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.) मॅडमनी वहीत आकडा लिहिला, नमुन्याच्या सीलबंद टॉवेलशी पोत जुळवायला कपाट उघडायला गेल्या, तर किल्ली नाही. निवृत्त भांडारपालांकडून कपाटाचा कार्यभार कुणी घेतलाच नव्हता, कारण द्यायचा कुणाला तेच ठरलं नव्हतं. किल्ली त्यांच्या घरी. मी स्वतः जाऊन आणली. चहा पाजला त्यांनी, आणि बिल निघालं का म्हणून मलाच विचारलं!

किल्ली आली तर नोंदवहीवरून अडलं. बिलावर "सदर वस्तूंची नोंद साठा नोंदवहीत पान क्रमांक अमुकवर घेतली आहे" असा दाखला लागतो, त्याशिवाय कोषागार बिल बघत नाही. चादरीची नोंद जडवस्तूत (टिकाऊ सामानात) की उपभोग्य (वापरून संपणाऱ्या) वस्तूंत? टॉवेल उपभोग्य यावर एकमत झालं. चादरीवर लेखा शाखेचे लिपिक एक म्हणाले, मॅडम दुसरं. मार्गदर्शन मागवायचं ठरलं. कुणाकडून, तर प्रभारी साहेबांकडून. साहेब बैठकीत.

31 मार्चला अनुदान परत गेलं. कोषागाराच्या बाहेर त्या दिवशी जत्रा असते, सगळ्या खात्यांची माणसं बिलं घेऊन रात्रीपर्यंत उभी. आमचं बिल त्या गर्दीत नव्हतंच, ते पॅसेजमधल्या गठ्ठ्यांजवळच अडलं होतं. एप्रिलमध्ये कळलं की आता ते मागील वर्षाचं प्रलंबित देयक. म्हणजे नव्याने मंजुरी, बीम्सवर, म्हणजे राज्याच्या अनुदान वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, नव्याने तरतूद यायची वाट.

इकडे आमचं काय चाललं होतं? जीएसटी बिलाच्या तारखेवर भरावा लागतो, पैसे आले की नाही हे कुणी विचारत नाही. तो भरला. सूतवाला उधारी फार तर एक महिना ओढतो. डाइंगचं बिल, वीज, कामगारांची शनिवारची उचल. बँकेचं कॅश क्रेडिट टोकाला गेलं. नवरा म्हणाला, नाद सोड, बुडाले समज. तिथे मला चेव आला.

एप्रिल-मे बदल्यांचा काळ. पुढे पावसाळा लागता लागता एक कायम साहेब आले, तरुण, फाइल वाचणारे. मी पेढे द्यायच्या बेतात होते. तर कळलं की त्यांना आहरण-संवितरणाचे, म्हणजे कोषागारातून पैसे काढायच्या सहीचे, अधिकार (ते ज्याच्याकडे तो डीडीओ) मिळायचा आदेश अजून वरून यायचाय. कार्यालय त्यांचं, पैशाची सही जुन्या प्रभाऱ्यांची. खुर्चीवर बसणारा एक, चेकवर दुसरा. हे मला तोवर माहीत नव्हतं, तुम्ही आधीच विचारा. "साहेब आले का" एवढं पुरत नाही, "डीडीओ कोण" हे विचारा.

त्यांनी जेमचं खातं मात्र पटकन आपल्या नावावर करून घेतलं, त्या मॅडमना कन्साइनी नेमलं. एवढे महिने अडलेला दाखला दुपारच्या चहाआधी निघाला. ऑपरेटरने प्रिंट माझ्या हातात दिली तेव्हा आनंद झाला की राग आला ते अजून सांगता येत नाही.

आता कायद्याचं, कारण हेच मला सगळ्यात उशिरा समजलं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 चा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाने माल दिला आणि खरेदीदाराने 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचला तोच स्वीकृतीचा दिवस. जेमवर दाखला निघो न निघो. करारात काहीही लिहिलं तरी पैसे द्यायची मुदत 45 दिवसांपुढे जात नाही. गेली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. 2023 मध्ये बँक रेट 6.75 टक्के होता, म्हणजे व्याज 20.25 टक्के. सरकारी कार्यालयांनाही हे लागू आहे. फक्त तुम्ही स्वतः बनवणारे हवेत. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी असली तरी हे संरक्षण मिळत नाही. तेव्हा अर्ज समाधान या थकबाकीच्या तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर करायचा होता, आणि त्यावर निर्णय देणारी सुलभीकरण परिषद आपल्याला पुण्याची लागते.

मी अर्ज केला. सोबत चलनाची प्रत आणि शिक्केवाली सगळी पत्रं. शिवाय एका पत्रात 2005 चा बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा कायदा लिहिला, कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये असं सांगणारा. ते पत्र मी रात्री जागून लिहिलं होतं आणि मला त्याचा अभिमान आहे. वरच्या कार्यालयातून चौकशीचा फोन आला. डीडीओचा आदेशही मग लवकरच सापडला.

बिल दिवाळीआधी जमा झालं. व्याज मागायचं का यावर घरात कडाक्याचं भांडण झालं. मामा म्हणाले, मुद्दल आलं, सोड, पुढची ऑर्डर बघ. मी शेवटी व्याजाचा दावा मागे घेतला. मनापासून नाही. पुढे 1 एप्रिल 2024 पासून आयकरात 43बी(एच) हे कलम लागू झालं. आम्ही डाइंगवाल्याचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि 31 मार्चला थकले तर त्या वर्षी तो खर्चच धरला जात नाही. आम्हाला हा धाक, आणि ज्या कार्यालयामुळे आमचे पैसे थकतात त्याला कसला?

2023 च्याच सप्टेंबरात बाहेरच्या संस्थांमार्फत कंत्राटी माणसं घ्यायचा जीआर निघाला होता आणि ऑक्टोबरात रद्द झाला. ऑपरेटरने मला विचारलं, "ताई, यात आमचं काय होणार?" मला उत्तर आलं नाही.

बिड भरण्याआधी मी आता काय करते तेही लिहून टाकते. ते आमची उलाढाल विचारतात, तीन वर्षांचा अनुभव विचारतात. मीही त्या कार्यालयात एक चक्कर मारते. भांडारपाल कायम आहे का, निवृत्त कधी होणार, जेमचं खातं कुणाच्या मोबाइलवर, साहेब प्रभारी की कायम, अनुदान आलंय की येणार आहे. फेब्रुवारीत माल पोहोचवायची ऑर्डर असेल तर दहादा विचार करते. शिपायाला विचारलं तरी सगळं कळतं.

एक गोष्ट अजून लटकलेली आहे. अडीच लाखांवरच्या पुरवठ्याला कार्यालय जीएसटीचे 2 टक्के कापून घेतं. ते आपल्या खात्यात दिसायला त्यांना जीएसटीआर-7, म्हणजे कापलेल्या कराचं विवरणपत्र, भरावं लागतं. कापले, भरलं नाही. मी फोन केला. जुना मुलगा एजन्सी बदलली तेव्हा गेला म्हणे, नव्या मुलाने उचलला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, जीएसटीआर-7 म्हणजे कुठलं पोर्टल?"