किती किलोवॉटचं सोलर बसवू?

छतावर सोलर बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो: ‘तीन खोल्या, चार माणसं, किती किलोवॉटचं घेऊ?’ तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खोल्या मोजून याचं उत्तर निघत नाही. उपकरणांच्या वॉटची बेरीज करूनही नाही. इस्त्री १००० वॉटची असली तरी ती चालते किती वेळ, त्यावर युनिट पडतात. म्हणून मी आधी वर्षभराची वीजबिलं मागतो. एकाच महिन्याचं बिल फसवतं, कारण ऋतू बदलला की वापर बदलतो.

समजा, वर्षाचे ३६०० युनिट झाले. भरपूर उन्हाच्या प्रदेशात एक किलोवॉटमागे वर्षाला साधारण १४०० युनिट मिळतात, ढगाळ आणि थंड प्रदेशात हजाराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच वापराला एकीकडे अडीच-पावणेतीन किलोवॉट पुरेल, तर दुसरीकडे साडेतीनच्या वर लागेल.

पॅनलवर लिहिलेला आकडा हा चाचणीतला असतो: दर चौरस मीटरला १००० वॉट ऊन आणि सेलचं, म्हणजे पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या छोट्या तुकड्यांचं, तापमान २५ अंश. छतावर भर दुपारी सेल ६० अंशांपर्यंत सहज तापतो आणि प्रत्येक वाढीव अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. त्यात धूळ, वायर आणि इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) यांची घट आलीच. तेव्हा ३ किलोवॉटच्या सिस्टीमवर कडक उन्हात २.४ दिसले, तर काही बिघडलंय असं समजू नका.

आता छताकडे या. एका किलोवॉटला नुसत्या पॅनलचीच जागा पाचेक चौरस मीटर लागते, वर ये-जा करायला आणि धुवायला वाट हवी. पण जागेपेक्षा मला जास्त काळजी सावलीची असते. पॅनल एकामागोमाग एक जोडलेले असतात. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलच्या कोपऱ्यात पडली, तरी त्या पॅनलमधली सेलची अख्खी ओळ बाद होऊ शकते. बायपास डायोड, म्हणजे सावलीतल्या ओळीला वळसा घालून वीज पुढे नेणारे भाग, बाकीच्यांना वाचवतात, तरी नुकसान सावलीच्या आकारापेक्षा मोठंच होतं. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, सावल्या लांबतात. त्यामुळे उन्हाळ्यात मोकळं दिसलेलं छत तेव्हा मोकळं नसतं. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन, अशा वेळी खडूने सावलीच्या कडा आखून बघा, शक्यतो हिवाळ्यात. सावलीत दोन पॅनल जास्त लावण्यापेक्षा उन्हात दोन कमी लावलेले मला पटतात.

मग येतो जादा विजेचा प्रश्न. मोठी सिस्टीम किलोवॉटमागे स्वस्त पडते, असं विक्रेता सांगेल आणि ते खरंही आहे. पण ती वाढीव वीज जाणार कुठे? ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) दिलेलं युनिट तुमच्या बिलातून जसंच्या तसं वजा होत असेल, तर वर्षाच्या वापराइतकी सिस्टीम बसवा. दिलेल्या युनिटला नाममात्र दर मिळत असेल, तर दिवसा किती वीज जळते तेच महत्त्वाचं. आठवडाभर सकाळी नऊ आणि संध्याकाळी पाचला मीटरचं रीडिंग लिहून ठेवा, आकडा समोर येईल. वॉशिंग मशीन, पंप, गीझर यांची वेळ दुपारवर आणता आली, तर छोटी सिस्टीमही भरपूर उपयोगी पडते. येत्या दोन-तीन वर्षांत इलेक्ट्रिक गाडी किंवा एसी नक्की येणार असेल तरच तो वापर आत्ता धरा. ‘कदाचित’साठी फक्त छतावर जागा राखून ठेवा, आणि पुढे पॅनल वाढवता येतील असा इन्व्हर्टर मिळतो का, ते विचारा.

एक गोष्ट बरेच जण गृहीत धरतात: वीज गेली तरी सोलर चालूच राहील. साधी ग्रिडला जोडलेली सिस्टीम तेव्हा आपोआप बंद होते, कारण तुमच्या छतावरची वीज बाहेर गेली तर लाइनवर काम करणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो. वीज गेल्यावरही घर चालू हवं असेल तर बॅटरी आणि त्यासाठीचा इन्व्हर्टर लागेल, आणि बॅटरीचा हिशेब वेगळा असतो. फक्त फ्रिज, दिवे, पंखे चालले तरी पुरे की एसीही हवा, आणि किती तास, हे घरात बसून आधी ठरवा आणि मगच कोटेशन मागवा.