आमची वाटचाल: किंमत उघड, कागद आधी

नाशिकला पाथर्डी फाट्यावर आमचं घर-खरेदी-विक्रीचं ऑफिस आहे. सुरुवातीला धंदा ओळखीवर चालायचा. वॉचमन, सोसायटीचे सेक्रेटरी, पेपरातली छोटी जाहिरात. अंबड-सातपूरला नोकरीला लागलेला माणूस भाड्याचं घर शोधत यायचा आणि काही वर्षांनी टू बीएचके घ्यायलाही आमच्याकडेच यायचा. २०१७ साली महारेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर आणि एजंटांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण आलं, तेव्हा आम्ही एजंट म्हणून रीतसर नोंदणी केली.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर लोकांनी सर्वात आधी उचलून धरला तो कार्पेट एरियाचा, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेच्या मापाचा व्हिडिओ. ऑफिसमधल्या मुलीने टेप हातात घेऊन रिकाम्या फ्लॅटच्या खोल्या मोजल्या. आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात, बाहेरच्या धरत नाहीत. बाल्कनी आणि उघडी गच्चीही त्यात येत नाही. एवढंच सांगितलं होतं. पण घर घेणारा मुलगा पुण्यात, पैसे घालणारे वडील गावी आणि सल्ला देणारा मामा मस्कतला, अशा घरांत तो व्हिडिओ हातोहात फिरला. ड्रोन आणि गाण्यांच्या रील्सनी फोन पुष्कळ येतात, पण साठेखतापर्यंत (खरेदीच्या करारापर्यंत) माणूस येतो तो शंका फिटल्यावर, हे आम्हाला तिथे पटलं.

तेव्हापासून किंमत पोस्टमध्येच लिहितो. ‘इनबॉक्स करा’ म्हणून माणसाला ताटकळत ठेवणं आम्हाला पटत नाही. नव्या प्रकल्पाची माहिती टाकताना महारेरा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड असतोच. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत तो कोड सक्तीचा आहे, आणि कायद्याच्या लेखी कुठल्याही माध्यमातली जाहिरात ही जाहिरातच, मग ती रील असो की व्हॉट्सअॅप स्टेटस. हे नव्या एजंटांना आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो.

रिसेलला, म्हणजे घराच्या फेरविक्रीला जास्त जपावं लागतं, कारण ते कुणाचं तरी राहतं घर असतं. मालकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय कॅमेरा काढत नाही. देवघर, मुलांचे फोटो, दारावरची पाटी चित्रात येऊ देत नाही. पश्चिमेच्या खोल्या मात्र दुपारीच दाखवतो, म्हणजे ऊन किती येतं ते कळतं. लिफ्ट, पार्किंगची जागा, पाण्याची वेळ, रस्त्याचा आवाज हेही दाखवतो. इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) आणि बँकेचा बोजा आधी तपासतो, पोस्ट नंतर. त्यामुळे आमच्या पोस्ट कमी असतात, आणि त्या कमीच असाव्यात असं माझं ठाम मत आहे.

फाट्यावरचे इतर एजंटही आता विचारायला येतात. आम्ही हातचं राखून सांगत नाही. गिऱ्हाईक जाणतं झालं की सगळ्यांचंच काम सोपं होतं.

सध्या भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) कसं वाचायचं, यावर व्हिडिओ तयार करतोय. तुमच्या इमारतीबद्दल काही शंका असेल तर या आठवड्यात कळवा, तीही त्यात घेऊ.