पार्सलवर ‘व्हिंटेज’ लिहू देऊ नका

बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्कऐवजी मेमरी कार्ड बसवायला मला एक संध्याकाळ लागली. ते कार्ड घरी यायला एकोणीस दिवस. म्हणून आधीच सांगून टाकतो: परदेशातून असलं काही मागवणार असाल, तर विकणाऱ्याला बजावून ठेवा की पार्सलवर ‘व्हिंटेज’ हा शब्द लिहू नकोस.

मशीन बाबांचं. १९९७ साली असेंबल करून घेतलेलं पेंटियम १३३, विंडोज ९५, पानं जुळवायचं पेजमेकर ६.५. डीटीपीचं दुकान त्यांनी केव्हाच बंद केलं, पण ओळखीतलं कुणीतरी अजून येतं आणि म्हणतं, “थोरल्याची पत्रिका तुम्हीच केली होती, त्यातलंच नाव बदलून द्या.” त्या जुन्या फॉन्टमधल्या फायली लॅपटॉपवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसतात. आणि मराठीचं ते सॉफ्टवेअर मागे पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या खाचेला) त्याचं लॉक लावल्याशिवाय सुरू होत नाही. त्यामुळे मशीन जागचं हलवायचं नाही.

प्रश्न आवाजाचा होता. मूळ डिस्क २.१ जीबीची. बेअरिंग झिजल्यावर ती कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा सूं आवाज काढायची, आणि शिट्टी काही व्हायची नाही. आई दोनदा गॅस बारीक करायला उठली. तिसऱ्यांदा म्हणाली, “हे तरी ठेवा नाहीतर मला तरी.”

जुन्यातलीच शांत डिस्क शोधावी हा पहिला विचार. २००१च्या आसपास सीगेटची बाराकुडा एटीए ४ आली. तिच्यात गोळ्यांच्या बेअरिंगऐवजी द्रवाचं बेअरिंग होतं आणि ती खरोखर शांत चालायची. पण तीही आता वीस वर्षांच्या वर. एक म्हातारी काढून दुसरी बसवण्यात अर्थ नव्हता. फिरणारं काही नकोच, म्हणून मी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांतल्या मेमरी कार्डावर, आलो. हे कार्ड मुळातच आयडीईची, म्हणजे त्या काळच्या हार्ड डिस्कच्या जोडणीची, भाषा बोलतं. अ‍ॅडॉप्टर म्हणजे जवळजवळ नुसत्या तारा, मधे रूपांतर करणारी चिप नाही. एसडी कार्डाचा अ‍ॅडॉप्टर स्वस्त पडतो, पण त्यात चिप असते, आणि ती कशी निघेल ते ज्याचं त्याचं नशीब.

कॅमेऱ्याच्या दुकानातलं जुनं कार्ड लावून पाहिलं. डॉस (विंडोजच्या आधीची प्रणाली) सुरू झालं, पण विंडोजने त्याला धड डिस्क मानलं नाही. बहुतेक साधी कार्डं स्वतःची ओळख ‘काढता येणारी’ अशी करून देतात. कारखान्यातल्या यंत्रांसाठी बनवलेली ‘इंडस्ट्रियल’ कार्डं सहसा ‘फिक्स्ड डिस्क’ म्हणून ओळख देतात. तसं ४ जीबीचं कोरं कार्ड परदेशातल्या एका विक्रेत्याकडे मिळालं. पैसे भरले. इथपर्यंत सगळं छान होतं.

विक्रेत्याने हौसेने पार्सलवर लिहिलं, ‘हार्ड डिस्क फॉर व्हिंटेज कॉम्प्युटर’.

पाचव्या दिवशी कुरिअर कंपनीची मेल. केवायसी द्या. आधार चढवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर: नाव जुळत नाही. पार्सलवर माझं नाव आणि आडनाव, आधारवर मधे बाबांचं नाव! आपल्याकडे निम्म्या लोकांचं हे असंच असणार, तरी त्यांच्या फॉर्ममध्ये त्याला जागा नाही. फोन केला. “सर, नाव एक्झॅक्ट मॅच पाहिजे.” मग विक्रेत्याकडून नाव दुरुस्त केलेलं बिल मागवलं, त्यात तीन दिवस गेले. ऑर्डर देतानाच आधारवरचं पूर्ण नाव टाकलं असतं तर ही वेळ आली नसती. तुम्ही टाका.

नाव जुळलं, आणि मग खरा घोळ सुरू झाला. “वस्तू जुनी, वापरलेली दिसते. परवाना जोडा.” वापरलेले कॉम्प्युटर परदेशातून आणायला सरकारी परवाना लागतो. नियम मला मान्य आहे, नाहीतर जगाचा ई-कचरा इथे येऊन पडेल. पण माझी वस्तू कोरी होती! जुना होता तो कॉम्प्युटर, आणि तो आमच्या माडीवर सत्तावीस वर्षं बसलेला.

इथे माझं डोकं फिरलं आणि मी दीड पानाचं पत्र लिहिलं. फ्लॅश मेमरी म्हणजे काय, आयडीई म्हणजे काय, मला तेच कार्ड का हवं. उत्तर आलं: “आपण हार्ड डिस्क आणि मेमरी कार्ड दोन्हींचा उल्लेख केला आहे. नक्की कोणती वस्तू?” हसावं की रडावं कळेना. नऊ वेळा फोन केला, दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. शेवटी एका मुलीने हळूच सांगितलं, “सर, तीनच ओळी लिहा. वस्तू नवीन आहे, मेमरी कार्ड आहे, घरच्या वापरासाठी आहे. खाली सही.” तसं केलं. दोन दिवसांत ड्युटीचा आकडा आला, भरला, पार्सल सुटलं. त्या मुलीचं भलं होवो.

वाट बघताना धीर सुटून मी आणखी एक उद्योग केला. बाजारात मिळालेली सर्वांत लहान, १२० जीबीची एसएसडी (चिपांवर चालणारी डिस्क) आणि नव्या साटा जोडणीचं आयडीई करणारा अ‍ॅडॉप्टर आणला. बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताच डिस्क तपासणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, डिस्क ओळखायला लावली आणि मशीन जागीच गोठलं. त्या काळच्या अवॉर्ड कंपनीच्या अनेक बायोसांना ३३.८ जीबीच्या वरचा आकडा झेपत नाही, डिस्क ओळखतानाच ती बसकण मारतात. ती एसएसडी आता आईच्या लॅपटॉपात आहे, तेव्हा पैसे वाया गेले नाहीत असं मी घरी सांगतो. तुमचं मशीन पेंटियमच्याही आधीचं, ४८६ असेल तर मर्यादा बऱ्याचदा आणखी खाली, ५०४ एमबीवर येते. त्यावर एक्सटी-आयडीई नावाचं फुकट बायोस चिपवर घालून ती नेटवर्क कार्डाच्या बूट रॉमच्या सॉकेटात बसवायचा तोडगा आहे.

बसवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. केबलची लाल कड पहिल्या पिनेकडे. अ‍ॅडॉप्टरला फ्लॉपीचा छोटा पॉवर प्लग लागतो, तो तुमच्या पॉवर सप्लायला आहे का ते आधी बघा. कार्डाचं पार्टिशन, म्हणजे भाग पाडणं, त्याच मशीनवर करा, लॅपटॉपच्या कार्ड रीडरवर केलं तर पुष्कळदा मशीन त्यावरून सुरू (बूट) होत नाही. माझी विंडोज ९५ पहिल्या आवृत्तीतली, तिचं पार्टिशन २ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणून कार्डाचे दोन तुकडे केले. तरी पहिल्यांदा नुसता कर्सर लुकलुकत राहिला. डॉसची ‘एफडिस्क /एमबीआर’ ही आज्ञा चालवल्यावर सुरू झालं. कोऱ्या कार्डावर बूटचा कोड नसतो, एवढंच.

आणि हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं: कशालाही हात लावायच्या आधी जुन्या डिस्कची पूर्ण प्रत काढा. मी लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने काढली. प्रत पूर्ण झाली, आणि चार दिवसांनी ती डिस्क फिरायची बंद झाली.

आता मशीन सुरू केलं की पॉवर सप्लायच्या पंख्याची घरघर ऐकू येते. ती पूर्वीही असणार, सूं आवाजात दबली होती. बाबा मात्र फाईल सेव्ह करताना पूर्वी डिस्कची खरखर ऐकून खात्री करायचे. परवा पत्रिका सेव्ह केली आणि मला वर हाक मारली. “आवाजच आला नाही रे. झालं का सेव्ह?”

मी लाल दिवा दाखवला. त्यांनी तरीही फ्लॉपीवर एक कॉपी घेतली.