नाल्यापलीकडचा फोन

१ ऑक्टोबर २०००, रविवार. नवरात्र चालू होतं. त्या दिवशी झोपेतून उठलो तेव्हा मी दूरसंचार विभागाचा राहिलो नव्हतो, भारत संचार निगम या नव्या सरकारी कंपनीचा झालो होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव तालुक्यात मी टेलिकॉम मेकॅनिक होतो. पेन्शन बुडेल या धास्तीनं सप्टेंबरात देशभर संप झाला होता. पेन्शन सरकारच देईल असं नियमात आलं, तेव्हा घरच्यांच्या जिवात जीव आला.

सुट्टी होती, पण नाल्यापलीकडच्या गावचा सार्वजनिक फोन पावसानं बंद पडला होता. अख्ख्या गावात तो एकच. एका मजुराला सोबत घेतलं आणि लाइन धरून निघालो.

कापसाची पऱ्हाटी छातीला लागत होती, धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चिखल तुडवत चालायचं. दर चार-पाच खांबांनी वर चढून टेस्ट फोन लावायचा. टोन मिळाला की फॉल्ट पुढे आहे, मिळाला नाही की मागे. नाल्याच्या अलीकडच्या खांबावर टोन स्वच्छ आला, पलीकडच्यावर काहीच नाही. पुरानं काठ खचला होता, खांब कलला होता. एक तार तुटलेली, दुसरी पळसाच्या फांदीत अडकलेली. दगड रचून खांबाला टेकू दिला, फांदी तोडली, तार ताणून जोड मारला. दोन तास गेले.

गावात फोन किराणा दुकानात होता. दुकानदारानं चहा ठेवला. ओट्यावर एक म्हातारे कास्तकार बसले होते, सगळे त्यांना आबाजी म्हणत.

"काहून भाऊ, तुमची कंपनी झाली म्हणते रेडिओवर?"

"हो आबाजी, आजपासूनच."

"म्हंजे आता फोनातबी व्यापारी येईन?"

"आलेच आहे जी. शहरात मोबाइल त्यांचेच आहे."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कापसाचा एकाधिकार नव्हता तवा आमी बैलबंडी घेऊन वणीले जाओ. व्यापारी काटा लावे तो सडकेवरच्या गावात. नाल्याच्या इकडे कोणी येत नसे. फोनवालाबी तसाच तं नाई करन?"

कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा, ही १९७२ ची. म्हणजे आबाजी तीस वर्षांआधीचं बोलत होते, पण प्रश्न माझ्या खात्याचा होता. त्यांना खोटं सांगणं मला जमलं नाही. त्या फोनच्या महिन्याच्या कमाईत आमची एक फेरीसुद्धा निघत नव्हती. खर्च निघायचा तो मोठ्या शहरांतल्या एसटीडी-आयएसडीच्या, म्हणजे परगावच्या आणि परदेशच्या कॉलच्या, पैशातून. आणि देशांतर्गत एसटीडीचा धंदा सरकारनं त्याच ऑगस्टमध्ये खाजगी कंपन्यांना खुला केला होता.

मी स्पर्धेच्या विरोधात नव्हतो, आजही नाही. कनेक्शनसाठी वर्षानुवर्षं वाट पाहणारी माणसं मी पाहिली आहेत. १९९७ पर्यंत प्रत्येक गावात फोन, असं १९९४ च्या दूरसंचार धोरणात छापलं होतं. ते झालं नाही, एकट्या सरकारी खात्याच्या आवाक्यातलं ते नव्हतं. १९९७ मध्ये ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, आलं, दर ठरवायला तिऱ्हाईत माणूस मिळाला, हेही चांगलंच झालं. पण नाल्यापलीकडच्या फोनचा भार कोण उचलणार, याचं उत्तर १ एप्रिल २००२ ला आलं, सार्वत्रिक सेवा निधी सुरू झाला तेव्हा. सगळ्या कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के त्यात जायचे, गावांसाठी. कायद्यात तो त्याहूनही नंतर बसला. १९९४ ते २००२, आठ वर्षं. व्यापाऱ्याला परवाना दिला त्याच दिवशी नाल्यापलीकडे काटा कोण लावेल हे लिहून घ्यायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

आबाजींना मी एवढंच म्हणालो, "मी असेपर्यंत येईन जी."

"तुमी याल. तुमच्या मागून कोण?"

तेवढ्यात एक्सचेंजमधून टेस्टची घंटी आली. दुकानदारानं रिसीव्हर उचलला, "हा, येते आवाज, साफ येते," असं दोनदा ओरडला आणि दारातली पोरं आत घुसली. मी डॉकेट, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीचा कागद, काढलं. त्यावर छापील नाव अजून दूरसंचार विभागाचंच होतं. खाली लिहिलं: तार तुटली, खांब कलला, दुरुस्त, १.१०.२०००, दुपारी ३.४०. दुकानदाराची सही घेतली आणि अंधार पडायच्या आत नाला ओलांडायला निघालो.